रानभाज्या आल्या कुठून आणि गेल्या कुठे

पहिला पाऊस पडायच्या आगेमागे ठाणे, कल्याण, वसई, पनवेल अशा स्टेशनांच्या बाहेर आदिवासी बायका शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या एका रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात, आणि शेजारी हमखास काकडांचा वाटा असतो. काकडं म्हणजे गोटीएवढी हिरवी आंबट फळं. नवखं गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलायला लागलं की समोरची मावशी हात धरते, "काकडं घे गं बाय, नायतर घसा धरंल." हे एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि मला वाटतं रानभाज्यांचा सगळा इतिहास त्यात आहे, कारण रानातलं खाणं म्हणजे फुकटचं मिळालं आणि शिजवलं असं कधीच नव्हतं. शेवळं सुरणाच्या कुळातली, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून नीट परतायचं आणि काकडांचा रस किंवा चिंच-आमसूल असं काहीतरी आंबट घालायचंच. हे कोणीतरी कधीतरी घसा खाजवून घेऊन शोधलं असणार आणि मग आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलं. सीकेपी घरांत तर शेवळं खिम्यात नाहीतर सोड्यात घालून होतात आणि वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजेत असा हट्ट असतो, म्हणजे ही भाजी फक्त गरिबाघरची होती हेही खरं नाही.

मागे जायचं तर खूप मागे जाता येतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं, ती वस्ती साधारण तीन हजार वर्षांहून जुनी, शेतकऱ्यांची, जव आणि डाळी पिकवणारी, तरी तिथल्या जळून कोळसा झालेल्या दाण्यांमध्ये बोराच्या बिया सापडल्याच. शेती आली म्हणून रानात जाणं थांबलं नाही, दोन्ही बरोबरीने चाललं, आणि ते तसंच चालत राहिलं याची खूण आपल्या सणांत आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नियम, म्हणून नांगरल्याशिवाय आलेलं, परसात हाताने लावलेलं नाहीतर आपोआप उगवलेलं शिजवायचं, अळू, माठ, सुरण, आणि काही ठिकाणी पाणथळीत स्वतःहून उगवणारा देवभात. पौषातल्या शाकंभरीची कथाही दुष्काळाचीच आहे, पाऊस नाही तेव्हा देवीने आपल्या अंगातून भाज्या उगवून लोक जगवले. या गोष्टी लिहिणाऱ्यांना शेतीच्या आधीचं खाणं कुठेतरी आठवत होतं असं मला मनापासून वाटतं.

आता रोजच्या जगण्यातलं कारण बघा. भातवाल्या पट्ट्यात ज्येष्ठ-आषाढ हा सगळ्यात कठीण काळ, कणगी रिकामी झालेली, उरलेलं बियाण्यात गेलेलं, आवणीचं काम कंबर मोडणारं, आणि नवं धान्य यायला अजून तीन-चार महिने. नेमक्या याच दिवसांत टाकळा उगवतो, कुर्डू येतो, फोडशी येते (हिलाच कुलूची भाजी म्हणतात), भारंगीचा पाला, दिंडा, बांबूचे कोंब, जरा पुढे करटोली, आणि गणपतीच्या सुमारास वारुळावर अळंबी. नावं तर दर वीस कोसांवर बदलतात, कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो, करटोलीला तिकडे काटवल म्हणतात, अळंबीच्या एका जातीला सात्या. पावसाळा संपला की कंदांची पाळी, करांदे, कोनफळ आणि कडूकंद. कडूकंद तसाच खाल्ला तर विष, म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या आणि सकाळी खायच्या. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी घरांतल्या बायांना ही सगळी केमिस्ट्री कुठल्याही पुस्तकाशिवाय येत होती आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी लोकांनी दिलंय.

मग बिघडलं कुठे? बरेच जण म्हणतात की लोक शहरात आले, आवडी बदलल्या. थोडं खरं आहे, पण माझं म्हणणं असं की आवड गेली त्याच्या खूप आधी जागा गेली. इंग्रज सरकारचा १८७८ चा जंगल कायदा आला, त्यात जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवनं अशी वाटणी झाली, आणि राखीव म्हटलं की तिथे पूर्वापार चालत आलेलं सगळंच एकदम सरकारच्या मेहरबानीवर आलं. सरकारला सागवान हवं होतं, रेल्वेला स्लीपर हवे होते, कंदमुळांचा विचार कोणी केलेला नव्हता. ठाणे-कुलाबा (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) भागातून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडण्याचा मुद्दा मोठा होता. तरी राखीव जंगल राखीवच राहिलं, आणि पुढे १९२७ चा कायदा आला तोही त्याच सांगाड्यावर.

मोहाची गोष्ट तर याहून वाईट. मोहाची फुलं म्हटलं की शहरातल्या माणसाला दारूच आठवते, पण वाळवलेली फुलं हे उन्हाळ्यातलं अन्न होतं, भाजून, उकडून, पिठात घालून खायची, गोडासाठी वेगळा गूळ लागायचा नाही, आणि बियांचं तेल स्वयंपाकाला. सरकारचं अबकारी उत्पन्न घरच्या दारूने बुडायला नको म्हणून १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे-कुलाबा भागात ही फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच बंधनं आणणारा कायदा केला. दारात झाड, झाडाखाली सडा पडलाय, आणि उचललं तर गुन्हा! स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरची बंधनं राहिलीच, महाराष्ट्र सरकारने ती उठवली २०२१ मध्ये. मधल्या काळात किती पिढ्यांनी मोहाची भाकरी चाखलीच नाही याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं.

आणि याच काळात दुष्काळ. १८७६ ते ७८ चा मोठा, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. लोक रानातलं काय काय खाऊन जगले याची नोंद सरकारी माणसांनीच करून ठेवलीय, १९०२ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले वनस्पतीशास्त्राचे प्रोफेसर जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या झाडापाल्याची मोठी टिपण छापली. कामाची गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही, पण अशा नोंदींमुळे एक शिक्का बसला, की हे दुष्काळातलं खाणं, पोट जाळायला खायचं. टाकळा तर दरवर्षी पावसात खाल्ला जायचा, ओलं खोबरं घालून, चवीने. त्याला दुष्काळाच्या रांगेत बसवलं की पुढे ज्याच्या घरात दोन पैसे आले तो ती भाजी लपवायला लागतो. मराठवाड्यात ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना म्हातारी माणसं मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीबरोबर (मदतीत वाटलेलं पीठ) बरबड्याचं नाव घेतात, बरबडा म्हणजे रानातलं बी, दळून भाकरी करायची, आणि नाव घेताना आवाज खाली जातो. ती लाज आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

जंगलाचा हक्क मात्र लोकांनी मुकाट्याने सोडला नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात बिळाशी, पुसद, संगमनेर अशी ठिकाणं होती, आणि उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार होऊन माणसं मेली. शाळेत आम्हाला हे मिठाच्या सत्याग्रहाचं शेपूट म्हणून शिकवलं, पण ज्यांच्या घरात गवत, लाकूड, भाजी, कंद सगळं डोंगरावरून येतं त्यांच्यासाठी तो चुलीचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर पावसाळ्यातल्या उपासमारीवर सरकारने उपाय काढला तो खावटीचा, १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळायचं, कोरोनाच्या वेळी ते अनुदान झालं, कुटुंबामागे चार हजार, अर्धे रोख आणि अर्ध्याचं सामान. मदत म्हणून ठीकच आहे. पण ज्या महिन्यांसाठी खावटी त्याच महिन्यांत रान भाजीने भरलेलं असायचं, आणि तिथे जायच्या हक्काचा कायदा यायला २००६ उजाडलं. वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर मालकी दिली, बांबू, मध, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं सगळं त्यात येतं. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यात एवढं अंतर असतं.

दुसरी जागा गेली ती शेतातली, आणि याच्यावर फारसं कोणी बोलत नाही. कुर्डू, घोळ, कुंजर, तांदुळजा, पाथरी, तरोटा यांना जंगल लागतच नाही, ही बांधावरची, पिकातली झाडं. बायका निंदायला जायच्या आणि काढलेल्या तणातूनच संध्याकाळची भाजी ओटीत घेऊन यायच्या, मजुरीबरोबर कालवण घरी. सोयाबीन वाढलं, मजूर महाग झाला, तणनाशक आलं आणि एका फवारणीत तण आणि भाजी दोन्ही गेलं. उरलेल्या पडीक जागेत घाणेरी आणि गाजरगवत. गाजरगवताचा पुण्यात पहिल्यांदा बोभाटा झाला तो १९५० च्या दशकात, आज कुठलाही रस्ता घ्या, तेच. शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही मला, निंदणीचा खर्च त्यालाच माहीत. पण फवारलेल्या बांधावरची भाजी कोणी खुडू नये हे मात्र स्पष्ट सांगते, आणि ओळख पटल्याशिवाय काहीच खुडू नका, अळंबी तर अजिबातच नाही.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतो, बचत गटांच्या बाया स्टॉल लावतात, लोक गर्दी करतात, फोटो काढतात. मला आनंद होतो. फक्त मागणी वाढली की एक अडचण येते, शेवळं किंवा फोडशी मुळासकट उपटून आणली जाते, पूर्वी कंद जमिनीत ठेवून वरचंच घ्यायची पद्धत होती. शेवळंवाल्या मावशीला यंदा विचारलं तर म्हणाली आता दोन डोंगर पलीकडे जावं लागतं, पहाटे तीनला निघते, नऊच्या लोकलने इथे.

गावी आमच्या भावकीने दोन वर्षांपूर्वी ठरवलं की ओढ्याकडचा बांध फवारायचा नाही. पहिल्या पावसात नुसतं गवतच आलं. गेल्या वर्षी टाकळा आला, कुर्डू आला, आणि काकू सांगत होती की चार घरांची मिळून दोनदा भाजी झाली.