इम्प्लांटआधी जबड्यात भरले जाणारे दात्याचे हाड : पार्श्वभूमी

दाताच्या मुळाच्या जागी बसवायचे टायटॅनियमचे इम्प्लांट माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा बसले ते १९६५ मध्ये, स्वीडनमध्ये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अस्थिशल्यचिकित्सकाने दाखवून दिले, की क्षार काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड तयार होते. इम्प्लांट धरून ठेवायला जबड्यात पुरेसे हाड लागते. तरीही पुढे बरीच वर्षे जबडा झिजलेल्या बहुतेक रुग्णांपुढे दोनच वाटा होत्या : कवळी, नाहीतर स्वतःच्याच हनुवटीचा किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा.

मुंबईत १९८८ मध्ये परळच्या कर्करोग रुग्णालयात ऊतीपेढी, म्हणजे हाडासारख्या दान केलेल्या ऊती साठवणारी पेढी, सुरू झाली. खुब्याचा सांधा बदलताना काढलेले मांडीच्या हाडाचे डोके एरवी फेकूनच दिले जाते. रुग्णाच्या संमतीने ते आता घेतले जाऊ लागले. मज्जा धुऊन काढायची, हाड गोठवून वाळवायचे, बाटलीबंद करायचे आणि शेवटी जंतू मारण्यासाठी गॅमा किरण द्यायचे, २५ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). मुंबईतच ट्रॉम्बेला किरणोत्सारी कोबाल्ट-६० वर चालणारा निर्जंतुकीकरण प्रकल्प १९७४ पासूनच होता.

या किरणांवरून शल्यचिकित्सकांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिले. किरणांनी कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन) तुटते, हाड ठिसूळ होते, नवे हाड घडवणारी प्रथिनेही क्षीण होतात, हा आक्षेप खोटा नाही. पण काळ कोणता होता तेही पाहावे. दात्याच्या हाडातून एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद अमेरिकेत १९८८ मध्येच प्रसिद्ध झाली. पुढे उघडकीस आलेल्या आणखी एका प्रकरणात दात्याची चाचणी निगेटिव्ह होती, तरीही प्रक्रिया न करता नुसते गोठवलेले हाड मिळालेल्यांना लागण झाली होती. नुसत्या चाचणीवर विसंबणे तेव्हा शक्यच नव्हते. विषाणू मारायला जिवाणूंपेक्षा जास्त मात्रा लागते, त्यामुळे नुसत्या किरणांवर विसंबूनही चालत नाही. दोन्ही लागतात.

मांडीत पूर्ण वजन पेलणाऱ्या हाडासाठी ठिसूळपणाचा मुद्दा निर्णायक ठरतो. जबड्यात मात्र दाणेदार हाड दाताच्या खाचेत किंवा सायनसच्या (वरच्या जबड्यावरच्या पोकळीच्या) तळाशी भरतात. चार-सहा महिने त्यावर चावण्याचा भार येत नाही, आणि तेवढ्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्यात शिरून हाड बांधतात. दंतोपचारापुरता तरी किरण देण्याचा निर्णय योग्यच होता.

कायदा मागाहून आला. १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्यात विचार होता तो अवयवांचा. ऊतींचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला, नियम २०१४ मध्ये निघाले.

आज दवाखान्यात गाईच्या हाडाचे दाणे आणि कृत्रिम पर्यायही मिळतात. ‘बोन पावडर टाकू’ एवढ्यावर रुग्णाची संमती घेणे मला अन्यायाचे वाटते. हाड माणसाचे की जनावराचे, हे त्याला आधी कळलेच पाहिजे. बाटलीवरचा क्रमांक केसपेपरवर उतरवला, तरच उद्या एखाद्या दात्याबद्दल शंका आल्यावर त्याचे हाड कुणाच्या जबड्यात आहे हे शोधता येते.