ई-लर्निंगला सिम्युलेशन म्हणू नका

साथीच्या तयारीसाठी कर्मचाऱ्यांना 'कम्प्युटरवर ट्रेनिंग दिलं' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कोर्स दिला की सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या प्रसंगाचा पडद्यावरचा सराव? बहुतेकदा उत्तर येतं, "एकच की!" एकच नाही.

कोर्स सगळ्यांनी केलेला असतो: व्हिडिओ, स्लाइड, शेवटी चाचणी, प्रमाणपत्र. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये ओपनडब्ल्यूएचओ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ सुरू केलं ते यासाठीच. नव्या आजाराची माहिती एकाच वेळी हजारोंपर्यंत न्यायची तर हाच मार्ग उत्तम. मोबाइल की डेस्कटॉप, साधी चित्रं की थ्रीडी, हे फरक किरकोळ.

खरा फरक आहे प्रश्न कोण विचारतं यात. कोर्समध्ये पडदा विचारतो, वर चार पर्यायही पुढे ठेवतो. धड्याचं नावच 'इबोला' असतं, मग निदान चुकणार कसं? सिम्युलेशनमध्ये समोर असतो फक्त ताप आलेला माणूस. कुठून प्रवास करून आलात, हे तुम्हाला सुचायला हवं. नाही सुचलं तर पडदा गप्प राहतो. इबोलाची लक्षणं संसर्गानंतर 2 ते 21 दिवसांत दिसतात, तेव्हा पहिल्या दिवशीची चूक आठव्या-दहाव्या दिवशी, सहकारी नर्सला ताप आल्यावर उघड व्हायला हवी. चुकताक्षणी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणाऱ्या प्रोग्रामला मी सिम्युलेशन मानतच नाही, चित्रं कितीही हलोत.

सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेत डॅलसला, तेव्हा इबोलाची साथ चालू असलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाहून आलेला एक रुग्ण ताप घेऊन रुग्णालयात गेला. आफ्रिकेतून आल्याची नोंद झाली, तरी अँटिबायोटिक देऊन त्याला घरी पाठवलं. दोन-तीन दिवसांत तो परत आला, इबोलाचं निदान झालं, पुढे दोन नर्सना लागण झाली. माहिती कागदोपत्री होती. तिच्यावरून पुढचं पाऊल उचललं गेलं नाही, आणि नेमकी ही सवय बहुपर्यायी चाचणी लावत नाही.

पीपीई किट उतरवणं मात्र दोन्हींतून येत नाही. त्याला खरं किट आणि शेजारी उभं राहून चूक दाखवणारा माणूसच लागतो.

तुमच्यापुढे ठेवलेला प्रोग्राम यातला कोणता, हे ओळखायचं असेल तर दहा मिनिटं काहीच क्लिक करू नका. कोर्स तुमची वाट पाहत थांबेल. सिम्युलेशनमध्ये तेवढ्यात रुग्ण वाढलेले असतील.