टाउन हॉल : ‘जीर्णोद्धार’ या एका शब्दामागचा इतिहास

आमच्या बंदराच्या गावातल्या जुन्या टाउन हॉलमध्ये कलाकेंद्र करायचे, असा ठराव मंजूर झाला. तेव्हापासून गावात चर्चा आहे ती पैसे कुठून येणार याची. मला मात्र ठरावातल्या एका शब्दाची काळजी वाटते. ‘टाउन हॉलचा जीर्णोद्धार करून’ असे त्यात लिहिले आहे. या शब्दामुळे इमारत वाचेल की जाईल, हे ठरणार आहे, म्हणून थोडी मागची हकीकत.

कोकणातल्या नगरपालिका जुन्या आहेत. वेंगुर्ला आणि रत्नागिरी या दोन्ही 1876 च्या. 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर लोकांनी निवडून दिलेली माणसे कारभारात येऊ लागली आणि त्यांना बसायला जागा लागली. जकातीतून बंदराच्या गावांकडे पैसाही येत होता. घाटावरचा माल बैलगाड्यांनी उतरायचा आणि गलबतांत चढायचा. मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली तसा दक्षिणेकडचा व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा जोर ओसरला. तरी मुंबईच्या आगबोटी होत्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असा तो रस्ता होता. बोटीने माणसे आली, तशी वर्तमानपत्रे, पुस्तके आणि वक्तेही आले.

या गावांतल्या सभागृहांचा साचा साधारण सारखा आहे. उंच जोते, जांभ्या चिऱ्याच्या दीड-दोन हात जाड भिंती, पुढे पडवी आणि वर सागाच्या वाशांवर मंगलोरी कौले. आत एक लांब खोली आणि तिच्या टोकाला हातभर उंचीचा मंच. बाजूच्या खोलीत वाचनालय. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, चिपळूणचे 1864 चे, म्हणजे वाचायची सवय नगरपालिकांच्याही आधीची. सभा नसेल तेव्हा याच खोलीत व्याख्याने, कीर्तने, तालमी, गणेशोत्सवाचे कार्यक्रम व्हायचे. ‘कलाकेंद्र’ हा शब्द नवा असला तरी काम जुनेच आहे.

हा हॉल सगळ्यांचा होता, असे आपण सहज म्हणतो. ते तपासून म्हणायला हवे. दशावतार, नमन, जाखडी यांची जागा देवळाच्या आवारात नाहीतर खळ्यात होती. हॉलमध्ये वकील, मास्तर, कारकून आणि व्यापारी बसत. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या जागा सगळ्यांना खुल्या, हा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये केला. महाडच्या नगरपालिकेने दुसऱ्या वर्षी तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला मार्च 1927 उजाडावा लागला, आणि पुढे मारही खावा लागला. ठरावातला शब्द आणि दारातली वस्तुस्थिती यांत किती अंतर असते, ते कोकणाने महाडात पाहिले आहे. नवे केंद्र करताना ‘कोणासाठी’ हा प्रश्न मंचाच्या दिव्यांआधी यायला हवा.

स्वातंत्र्यानंतरची पंधरा-वीस वर्षे या हॉलचा खरा बहराचा काळ. 1954 मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी मंडळींना तालमीला जागा हवी झाली. शिमगा झाला की तालमी सुरू, पाऊस सुरू व्हायच्या आत प्रयोग. चाकरमानी मे महिन्यात यायचे, ते प्रयोगाच्या तारखा धरूनच. पुढे बाहेरगावी मोठी नाट्यगृहे झाली, आगबोटी बंद पडल्या, 1981 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन कचेऱ्या हलल्या, 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. गावाचे तोंड बंदराकडून स्टेशनाकडे वळले आणि बंदरावरचा हॉल पाठीमागे पडला. त्यातच नगरपरिषदांची जकात गेली. ज्या पैशातून दरवर्षी शाकारणी व्हायची तो आटला, आणि पुढची दुरुस्ती सरकारी अनुदानाची वाट पाहू लागली. अनुदान नव्या कामाला पटकन मिळते. कौले परतायला कोण देतो?

आता तो शब्द. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. देवळांच्या बाबतीत आपल्याकडे त्याचा ठरलेला अर्थ आहे: देव तात्पुरता हलवायचा, जुने देऊळ उतरवायचे आणि नवे बांधायचे. गेल्या तीसेक वर्षांत चाकरमान्यांच्या वर्गणीतून कोकणातली कितीतरी जांभ्या-लाकडाची देवळे अशी सिमेंटची झाली. श्रद्धेने केलेले काम आहे, त्यावर मी बोट ठेवत नाही. पण देवळात मूर्ती राहिली की देऊळ राहिले, असे मानता येते. टाउन हॉलला मूर्ती नाही. त्याच्या भिंती, छप्पर आणि पडवी गेली, तर उरणार काय?

कागदावर याच कामाला चार शब्द फिरतात. ‘दुरुस्ती’ म्हणजे आहे तेच नीट करणे. ‘नूतनीकरण’ म्हटले की फरशी, पीओपीचे छत, काचेचे दार, सगळे येते. ‘पुनर्बांधणी’ म्हणजे पाडणे, आणि खाडीकाठी पाडले की सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांतल्या, परवानग्यांचा नवा फेरा. चौथा शब्द ‘जतन’: मूळ सामान आणि मूळ पद्धत शक्य तितकी ठेवून, जिथे बदलावेच लागेल तिथेच बदलणे. अंदाजपत्रक करणारा अभियंता ठरावातला शब्द वाचतो आणि त्याप्रमाणे बाबी मांडतो. ‘जीर्णोद्धार’ लिहिले तर काँक्रीटचे खांब आणि स्लॅब घालायला त्याला कोणी अडवू शकत नाही. ‘जतन’ लिहिले तर चुन्याचा गिलावा, सागाचे वासे, कौले, वाळवीचा बंदोबस्त हे मांडावे लागते, आणि असे काम येणारा गवंडीही शोधावा लागतो.

हा शब्दांचा कीस वाटत असेल, तर हॉलची समुद्राकडची भिंत जाऊन पाहावी. पूर्वी कधीतरी ‘मजबुतीकरण’ म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला गेला. निर्णय त्या वेळी सर्वांना शहाणपणाचा वाटला, माझ्या वडिलांच्या पिढीने त्याचे स्वागतच केले. गेल्या वैशाखात त्यातला एक पोपडा पडवीत पडला. घंगाळाच्या तोंडाएवढा. मी उचलून उलटा केला, तर पाठीला चिऱ्याचा बोटभर जाड थर चिकटून आलेला. भिंतीत राहिलेला भाग बोटाने खरवडला तर तांबडा भुगा होऊन हाताला लागत होता, आणि जिभेवर ठेवला तर खारट.

कारण सरळ आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, वारा लागला की कडक होतो, पण पाणी पितच राहतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि झड येते ती समुद्राकडूनच. भिंतीत पाणी जाणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ते परत बाहेर पडते आणि भिंत दिवाळीपर्यंत सुकते. सिमेंट ते कोंडून ठेवते. पाण्यातला क्षार गिलाव्याच्या मागे साचतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि चिऱ्याचे तोंड फोडतात. वर स्लॅब टाकला तर खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट तडकते. जुने गवंडी शिंपल्यांचा चुना भट्टीत भाजून, भिजवून, घाणीत मळून वापरत, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालत. त्यात हौस नव्हती, या हवेचा अनुभव होता.

दुसरी बाजूही खरी आहे. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा धरून गेले. कौले पत्त्यांसारखी उडालेली लोकांनी पाहिली. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या वाचनालयात पुराचे पाणी शिरून पुस्तकांचा चिखल झाला. ‘स्लॅब असता तर’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येते. वाशांना लोखंडी पट्ट्या, कौलांना तारेची बांधणी, मौल्यवान वस्तू उंचावर, हे सगळे जतनात बसते. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर उडाले, त्याची भीती मी खोटी म्हणणार नाही.

पुढचा वाद चालवायला कोणाला द्यायचे याचा. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातील कलम 92 प्रमाणे तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला वरची परवानगी लागते. तीन वर्षांच्या भरवशावर प्रकाशयोजनेत कोणी पैसे घालत नाही, आणि तीस वर्षांवर दिले तर लग्नाचा हॉल व्हायची भीती. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय आहे, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ग्रंथालय. दोन्ही इमारती टिकल्या, कारण रोज दार उघडायला माणूस होता.

अंदाजपत्रक अजून व्हायचे आहे, त्यामुळे शब्द बदलायला वेळ आहे. ‘जीर्णोद्धार’ काढून ‘जतन’ घालणारा ठराव पुढच्या सभेत यावा, असे निवेदन आम्ही काही जणांनी दिले आहे. सोबत एक विनंतीही केली आहे: समुद्राकडच्या त्याच भिंतीचा सिमेंटचा गिलावा दोन हात रुंद काढून तिथे मार्गशीर्षात चुना मारू द्यावा. शेजारचा सिमेंटचा भाग तसाच ठेवायचा. पाऊस संपला की दसऱ्याला दोन्हींवर हात ठेवून पाहता येईल.