फाइंड की इंडेक्स? पायथनमध्ये मजकुरातली जागा शोधताना

एखादा तुकडा मजकुरात नेमका कुठे आहे हे शोधायला पायथनच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या प्रकारात, दोन मेथड (त्यावर चालणाऱ्या आज्ञा) आहेत, फाइंड आणि इंडेक्स. दोघींना तेच द्यायचं आणि तुकडा सापडला तर दोघींकडून तेच मिळतं: तो पहिल्यांदा जिथे आला ती जागा, शून्यापासून मोजलेली. त्यामुळे शिकताना हाताला लागेल ती वापरली जाते आणि बरेच दिवस काही बिघडत नाही.

फरक कळतो तो तुकडा सापडत नाही तेव्हा. फाइंड -1 हा आकडा देते आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. इंडेक्स व्हॅल्यूएरर देते आणि तो एरर कुठे पकडला नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो. म्हणून फाइंड जास्त सुरक्षित, असं अनेकदा ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही, कारण पायथनमध्ये -1 ही खरीखुरी जागा आहे: शेवटचं अक्षर.

समजा, फाइलमधल्या प्रत्येक ओळीत «नाव: सुनीता» असं लिहिलंय आणि आपल्याला विसर्गचिन्हासारख्या त्या कोलनच्या आधीचा भाग हवाय. फाइंडने कोलनची जागा काढली, 3 आली, ओळ[:जागा], म्हणजे त्या जागेच्या आधीपर्यंतचा भाग, घेतला की «नाव» मिळालं. छान. आता एका ओळीत कोलन टाकायचा राहून गेला: «नाव सुनीता». जागा आली -1. ओळ[:-1] म्हणजे शेवटचं चिन्ह सोडून बाकी सगळं, म्हणून हाती येतं «नाव सुनीत». काना गळला, बाईंचं नाव बदललं, आणि एरर कुठेच नाही. कोलननंतरचा भाग ओळ[जागा+1:] असा काढत असाल तर -1 मध्ये 1 मिळवून शून्य होतं आणि पूर्ण ओळच परत येते. अशी ओळ हजारो ओळींत दडून बसली की ती कुणाच्या नजरेला येणार? इंडेक्स वापरला असता तर त्याच ओळीवर प्रोग्राम थांबला असता.

दुसरी नेहमीची चूक इफमध्ये होते. इफ ओळ.फाइंड("नाव") असं लिहिलं आणि «नाव» अगदी सुरुवातीला असेल, तर उत्तर शून्य येतं आणि पायथन शून्याला खोटं धरतो. तुकडा नसेलच तर -1 येतं, ते खरं धरलं जातं. म्हणजे नेमका उलटा निकाल. तुकडा आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर या दोघींचं काम नाही, इन हा ऑपरेटर वापरा. आणि कोलनपाशी ओळ तोडायचीच असेल तर पार्टिशन मेथड बरी. कोलन नसेल तर ती पूर्ण ओळ आणि दोन रिकामे तुकडे देते, म्हणजे तपासणं सोपं.

माझा नियम असा: तुकडा असायलाच हवा, तिथे इंडेक्स. तो नसणंही चालण्यासारखं असेल तर फाइंड, पण लगेच खालच्या ओळीत -1 तपासून. उजवीकडून शोधणाऱ्या आरफाइंड आणि आरइंडेक्स यांनाही हेच लागू. लिस्टला मात्र फाइंड नाहीच, फक्त इंडेक्स आहे. जावास्क्रिप्टमधून आलेल्यांनी विशेष जपावं: तिथल्या इंडेक्सऑफच्या नावात इंडेक्स असला तरी न सापडल्यास ती -1 देते, म्हणजे वागते पायथनच्या फाइंडसारखी.

मराठी मजकुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. «मराठी» या शब्दात «ठी» शोधला तर आपल्या मोजणीने 2 यायला हवेत, येतात 3. पायथन म, र, काना, ठ, वेलांटी अशी युनिकोडची चिन्हं सुटी मोजतो, त्यामुळे शब्दाची लांबीही 5 भरते. याहून त्रासदायक «दुसऱ्या» मधला ऱ. तो एकाच चिन्हानेही साठवता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मजकुरात एक प्रकार आणि शोधायच्या तुकड्यात दुसरा असेल तर फाइंड -1 देते, इंडेक्स एरर देते, आणि शब्द तर डोळ्यांसमोर असतो. शोधण्याआधी दोन्ही मजकूर युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनने एनएफसी या एकाच ठरावीक रूपात आणून घ्या.