मोड ॲप आणि फेक लोकेशन: बंदी दोन्हीला, पण धोका एकसारखा नाही

टिळकवाडी असो की निपाणी, पोकेमॉन गो (खऱ्या रस्त्यांवर चालत पोकेमॉन पकडायचा मोबाइल गेम) खेळणारी पोरं मोड ॲप (कुणीतरी बदललेला गेम) आणि फेक लोकेशन (फोनची खोटी जागा दाखवणं) या दोन्हींबद्दल एकच गोष्ट असल्यासारखी बोलतात. दोन्हीला बंदी आहे, मग फरक कशाला बघायचा? बघायलाच हवा. फेक लोकेशनमुळे गेमचं खातं जातं. मोड ॲपमुळे पासवर्डही परक्याच्या हाती लागू शकतो.

फेक लोकेशनमध्ये गेमला कुणी हात लावत नाही. गेम प्ले स्टोअरवरचाच असतो, फसवला जातो तो फोन. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे मॉक लोकेशन ॲप निवडता येतं. ॲप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी ही सोय दिलेली आहे. माणूस खानापुरात घरी आणि गेममध्ये टोकियोत. पण ही खोटी जागा एकट्या गेमला जात नाही. मॅपला, रिक्षा बोलावायच्या ॲपला, घरच्यांना पाठवलेल्या लाइव्ह लोकेशनलाही तीच जाते. रात्री चोर्ला घाटातून येणाऱ्या मुलाची वाट बघणाऱ्या आईला तो भलतीकडेच दिसेल.

मोड ॲपमध्ये कुणीतरी मूळ गेमची एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल) उघडून आतला कोड बदलतो आणि पुन्हा बांधतो. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. त्या सहीची गुप्त किल्ली कंपनीकडेच असल्यामुळे बदल करणारा स्वतःची सही टाकतो, आणि सही जुळली नाही की अँड्रॉइड ते ॲप मूळ ॲपवर बसवून घेत नाही. टेलिग्रामवर फाइल देणारा "आधी ओरिजिनल काढून टाक" म्हणतो, ते बहुतेक वेळा यासाठीच. एवढं ऐकलं तरी सावध व्हावं. आत आणखी काय घातलंय, लॉगिन केल्यावर पासवर्ड कुठे जातोय, हे तपासायला आपल्याकडे काहीच साधन नसतं. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. कितीतरी घरांत मुलगा ज्या फोनवर खेळतो, त्यावरच वडिलांचं फोनपे असतं.

गोंधळाला कारणही आहे. काही मोड ॲपमध्येच जॉयस्टिक (जागेवर बसून पात्र चालवायचं स्क्रीनवरचं बटण) घालून देतात, म्हणजे बदललेला गेम आणि खोटी जागा एकाच ठिकाणी. ग्लोबल प्लस प्लस या गटाचं पोकेगो प्लस प्लस तसंच होतं. पोकेमॉन गो बनवणाऱ्या नियान्टिकने २०१९ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर खटला भरला आणि २०२१ मध्ये तो ५० लाख डॉलरवर मिटला. बीजीएमआय या गोळीबाराच्या गेममध्ये मात्र तुम्ही कुठे बसून खेळता याने काही साधत नाही. तिथे आपोआप नेम लागणं, भिंतीपलीकडचा शत्रू दिसणं, असली लबाडी चालते.

आपल्या सीमाभागात एक भीती वेगळीच. शिनोळी किंवा कोगनोळीकडे गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, मग गेम आपल्याला लबाड ठरवेल का? नाही. सिमचं सर्कल कोणतं, याच्याशी गेमला देणंघेणं नाही. फोनने ठरवलेली जागा तो बघतो. घरात बसल्यावर पात्र आपोआप इकडेतिकडे सरकतं, ते जीपीएसचा सिग्नल कमजोर असल्यामुळे. आणि नुसत्या व्हीपीएनने (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) इंटरनेटवरचा आयपी पत्ता बदलतो, जीपीएसची जागा नाही.

पोकेमॉन गोमध्ये शिक्षा दोन्हीला सारखीच: आधी साधारण ७ दिवसांचा इशारा, मग साधारण ३० दिवस खातं बंद, मग कायमचं. प्रकार गंभीर असेल तर थेट कायमचं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावात पोकेस्टॉपच (गेममधल्या वस्तू मिळायची खरी ठिकाणं) नसेल तर फेक लोकेशनचा मोह होतो, हे मी समजू शकतो. तरी उन्हातान्हात चालत जाऊन एखाद्या पोरीने जिंकलेली जिम (लढून ताब्यात घ्यायची गेममधली जागा) कुणीतरी घरबसल्या काढून घ्यावी, हे मला पटत नाही. वरच्या लेव्हलला पोहोचलेल्या खेळाडूला नवा पोकेस्टॉप सुचवता येतो. गावातलं जुनं देऊळ, वीरगळ, वाचनालय यांचा फोटो आणि माहिती पाठवायची. मंजुरीला वेळ लागतो, पण मंजूर झालेला पोकेस्टॉप गावातल्या सगळ्यांनाच मिळतो.