पिवळाधमक म्हणजे अस्सल? कोल्हापुरी गुळाबद्दलचा एक खुलासा

रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर गाडी थांबली की पहिली मागणी ठरलेली: "पिवळाधमक द्या, अस्सल कोल्हापुरी." हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ मिळाली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुऱ्हाळात रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत चढतो, खाली चुलवाणात चिपाडाचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा जाळ. चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात. पाक उतरवायचा क्षण गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर ओळखतो; पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी झाली की झालं. असा गूळ सोनेरी ते तांबूस-तपकिरी होतो. उसाची जात, जमीन, जाळ, सगळ्यांचा रंगावर परिणाम होतो.

भडक पिवळेपणा मात्र बहुतेकदा हायड्रॉस पावडरीचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईटचा. ते रंग उडवतं, पण तात्पुरता; साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. कधी साखर मिसळूनही रंग उजळवतात. गुऱ्हाळवाल्यालाच दोष देणं सोपं आहे, पण पिवळ्याला जादा भाव देणारे आपणच ना?

काळा म्हणजे शुद्ध, हेही खरं नाही. पाक करपला तरी गूळ काळाच होतो.