ब्लॉक वेगळा, बंदी वेगळी

रात्री अकरा वाजता स्वयंसेवकांच्या ग्रुपवर दोघांची जुंपते. ॲडमिन जागाच असतो, वैतागलेलाही असतो, आणि बटण अंगठ्याखालीच असतं. तो ते दाबून झोपून जातो. सकाळी कुणीतरी विचारतं, "त्यांना काढलं? कुणी ठरवलं?" खरं उत्तर असं की कुणीच ठरवलं नव्हतं.

ब्लॉक आणि बंदी हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि स्वयंसेवी ग्रुपांमधली निम्मी भांडणं इथूनच पेटतात असं माझं मत आहे. ब्लॉक म्हणजे दाराची कडी. अमुक खात्यावरून लिहिता येऊ नये, एवढीच तांत्रिक सोय. बंदी हा निर्णय असतो. अमुक व्यक्तीने इथे, किंवा इथल्या अमुक विषयात, भाग घेऊ नये असं गटाने ठरवलेलं असतं. कडी खात्याला लागते, बंदी माणसावर असते.

हा फरक सगळ्यांत काटेकोरपणे पाळला जातो तो इंग्रजी विकिपीडियावर. तिथला सगळा गाडा स्वयंसेवकच ओढतात आणि वादांना तोटा नाही. तिथे कुणीही प्रचालक, म्हणजे तिथला ॲडमिन, एकट्याच्या अखत्यारीत ब्लॉक करू शकतो, पण धोरण असं की ब्लॉक नुकसान थांबवण्यासाठी असतो, शिक्षा म्हणून नाही. म्हणजे कालचं भांडण कालच मिटलं असेल, तर आज राग आला म्हणून ब्लॉक करायचा नाही. आणखी एक पथ्य आहे : ज्या वादात प्रचालक स्वतः एका बाजूने बोलतोय, त्यात त्याने समोरच्याला ब्लॉक करायचं नाही. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच, हे तिथे चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपांत मात्र सगळ्यांत जास्त तावातावाने बोलणारा माणूसच ॲडमिन असतो, ही गोष्ट वेगळी.

बंदीचा रस्ता लांबचा आहे. ती सहसा समुदायाच्या चर्चेतून येते, किंवा 2004 पासून काम करत असलेली, चिघळलेल्या वादांवर निर्णय देणारी लवाद समिती ती घालते. ती सरसकट असेलच असं नाही. एखाद्याला फक्त एका विषयापासून लांब राहायला सांगतात, तर कधी दोघांना एकमेकांच्या वाटेला जायचं नाही एवढंच सांगतात.

दोन्ही एकच वाटत असतील तर ती सुटी सुटी कुठे दिसतात ते पाहा. एखाद्याचं खातं चोरीला जातं आणि त्यावरून फसव्या लिंका यायला लागतात. खातं लगेच ब्लॉक करायचं, पण त्या बिचाऱ्यावर कसलीच बंदी नसते. पासवर्ड बदलून तो आला की कडी काढायची. उलट, विषयबंदी असलेल्या माणसाचं खातं पूर्ण मोकळं असू शकतं. बटणं त्याला अडवत नाहीत, त्याने शब्द पाळायचा असतो. मोडला तर मग कडी लागते. आणि बंदी असलेला माणूस नवं खातं काढून आला, तर जुन्या खात्यावरचा ब्लॉक निरुपयोगी ठरतो, पण बंदी त्या नव्या खात्यालाही लागू होते. पुन्हा पहिल्यापासून चर्चा करावी लागत नाही.

विकिपीडियावर '24 तासांत तीन उलटवण्यां'चा नियम आहे. एकाच पानावर दुसऱ्याचं लेखन चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं, म्हणजे त्याने केलेला बदल रद्द केला, तर ब्लॉक होऊ शकतो. बरोबर कोण होतं हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. मला हा नियम फार आवडतो, कारण 'तू वाईट आहेस' असं न म्हणता तो फक्त 'आता थांब' एवढंच म्हणतो. शिवाय ब्लॉक झालेल्याला सहसा स्वतःच्या चर्चापानावर, म्हणजे त्याच्याशी बोलण्यासाठी असलेल्या पानावर, लिहिता येतं, तिथून तो ब्लॉक काढण्याची विनंती करतो, आणि ती दुसराच प्रचालक पाहतो.

गोंधळ वाढतो तो ॲपमुळे. डिस्कॉर्ड या ग्रुप गप्पांच्या ॲपवर टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळापुरतं गप्प करणं, 28 दिवसांपर्यंत देता येतो. किक केलेला, म्हणजे नुसता बाहेर काढलेला माणूस नवं आमंत्रण मिळालं की परत येऊ शकतो, बॅन केलेला येऊ शकत नाही. त्या बटणाचं नाव बॅन असलं तरी तीही कडीच, फक्त जाड. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर गप्प केलेला सदस्य वाचू शकतो, पण त्याला लिहिता येत नाही. निलंबित केलेल्याला आतच येता येत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये मात्र मधली पायरीच नाही. एकाच सदस्याला रात्रीपुरतं गप्प करायची सोय नसल्यामुळे एक तर तो ग्रुपमध्ये राहतो, नाही तर बाहेर जातो. मग कडी लावायचा विचार असला तरी हातून बंदीसारखं काहीतरी होऊन बसतं. तिथे मी 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही 2018 मध्ये आलेली सोय तासाभरासाठी चालू करतो. सगळेच गप्प होतात, म्हणून कुणा एकाचा पाणउतारा होत नाही.

हे शहाणपण मला ठेच लागून आलं. एका ग्रुपवर सतत खुसपट काढणाऱ्या सदस्याला मी रात्री काढलं, सकाळी परत घ्यायचं असं मनाशी ठरवून. सकाळी इतर दोन ॲडमिननी मला विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं की सगळं ठरवूनच केलंय. मीही विसरलो. त्या सदस्याला वाटलं, गटाने आपल्याला हाकललं. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की कामाच्या पाळ्यांचा तक्ता त्याच्याकडेच होता. फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "तुमची मीटिंग झाली असेल ना." मीटिंग झालीच नव्हती. माझा एका रात्रीचा वैताग तेवढा होता.

उलटी चूकही पाहिली आहे. कुणी सदस्य घाणेरडे संदेश टाकतोय आणि ॲडमिन म्हणतायत, रविवारी सगळ्यांशी बोलून ठरवू. तोवर तीन नवे स्वयंसेवक ग्रुप सोडून गेले. कडी लावायला मीटिंग लागत नाही. आधी लावा, रविवारी ठरवायचं ते ठरवा.

दोन्ही कळवायची भाषाही वेगळी ठेवावी लागते. ब्लॉक केला तर त्या व्यक्तीला खाजगीत लिहा : "तुमचा अकरा वाजताचा संदेश काढला आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत तुम्हाला लिहिता येणार नाही. हरकत असेल तर दुसऱ्या ॲडमिनला कळवा." कोणता संदेश, कधीपर्यंत, दाद कुठे मागायची. स्वभावाविषयी एक शब्दही नको. बंदी असेल तर गटाला सांगावं लागतं : निर्णय कुणी घेतला, कशापुरता आहे, आणि फेरविचारासाठी कधी विचारता येईल. 'कायमची' हा शब्द मी लिहीत नाही. 'सहा महिन्यांनी विचारता येईल' असं लिहितो, आणि बरेच जण विचारतच नाहीत.

आता आमच्या ॲडमिनांच्या वेगळ्या ग्रुपवर एक साधी यादी आहे. खातं, कारण, लावणाऱ्याचं नाव, उघडायची तारीख. तारखेची जागा रिकामी दिसली की दुसरा ॲडमिन विचारतो, "हे कुणी ठरवलं?" गेल्या महिन्यात तो प्रश्न मलाच आला होता.